दादाच्या हातचं पाणी

आमच्या घरात पाणी उकळायला बंदी होती. चहाचं चालायचं, आंघोळीचं चालायचं. पण प्यायला म्हणून पातेलं गॅसवर चढलेलं दिसलं की पाण्याआधी ह्यांचाच पारा चढायचा.

हे म्हणजे माझे यजमान. जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर. नदीचं गढूळ पाणी एका बाजूनं आत येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, मग वाळूच्या मोठाल्या हौदांतून ते गाळलं जातं, शेवटी क्लोरीन मिसळतं आणि पाणी गावात सुटतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच मला हे सगळं तोंडपाठ झालं, कारण दुसऱ्या कुठल्या विषयावर ह्यांना बोलताच येत नव्हतं. गल्लीत ह्यांना टाकीवाले म्हणतात. नळाला पाणी उशिरा आलं की लोक आधी आमची कडी वाजवतात, मग नगरपालिकेला शिव्या घालतात.

आता टाकीवाल्याच्याच घरात पाणी उकळायला लागलं तर गल्लीनं काय समजायचं, असा ह्यांचा सवाल. त्यात मला खोट काढता आली नाही. चोरून उकळायचीही सोय नव्हती, कारण ह्यांना एका घोटात कळायचं. "हे मेलेलं पाणी कुणी भरून ठेवलंय?" म्हणत तांब्या मोरीत रिकामा करायचे. मला ताप असताना एकदा मी तो प्रयोग करून बघितला होता. तापापेक्षा भाषणानंच जास्त घाम आला.

केंद्रावर पूर्वी एक रीत होती. वाळूचा हौद धुऊन पुन्हा चालू केला की पाळीवरच्या माणसानं तिथल्या पाण्याचा पेला सगळ्यांसमोर प्यायचा. नवे साहेब आले, यंत्रं आली, रीत बंद झाली. ह्यांनी मात्र ती सोडली नाही. यंत्राला पोट नसतं, असं ह्यांचं म्हणणं. आणि ह्यांचं पोट म्हणजे खरोखर दगड पचवणारं. इतक्या वर्षांत पोट दुखतंय म्हणून हे कधी घरी बसलेले मला आठवत नाहीत. त्या पोटावर ह्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

ह्यांचा धाकटा भाऊ मागच्या गल्लीत राहायचा. माझे भाऊजी. त्यांचं मोटारी बांधायचं दुकान होतं. जळलेला पंखा, जळलेला पंप आला की आतली काळी पडलेली तार उकलून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायची. बोटं अशी नाजूक की मी शिंपीण असून मला हेवा वाटायचा. स्वभाव मात्र असा, की 'नाही' हा शब्द त्यांच्या दुकानात कधी विकायलाच नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं आजच पाहिजे, तर आजच. वडील लवकर गेले, ह्यांनी त्यांना वाढवलं, शिकवलं, दुकान घालून दिलं. त्यामुळे इतरांना नाही म्हणता येत नव्हतं तिथे दादाला काय म्हणणार? दादानं सांगितलं की संपलं.

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मूल नुकतं शाळेत जायला लागलं होतं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी इस्पितळात जायचं, हाताला सुया लावून मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, आणि पिळून टाकलेल्या कपड्यासारखं घरी यायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बघू. ह्यांची जुळली. अशी जुळली की बाईंनी कागद दोनदा बघितले म्हणे.

ह्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. जेवता जेवता सांगितलं, "मी देतोय." मी भांडले नाही, असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी भांडले. पोटभर भांडले. मग मीच ह्यांची पिशवी भरली आणि दोघा भावांसाठी बाजूला नाड्या असलेले सैल सदरे शिवले, म्हणजे टाक्यांना काही टोचणार नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. भाऊजींच्या तोंडावर रंग आला. डॉक्टरबाईंनी जाताना सगळ्यांना समोर बसवून समजावलं. दुसऱ्याचा अवयव अंगात आला की शरीर त्याच्यावर धावून जातं. ते जाऊ नये म्हणून शरीराची ताकद औषधानं मुद्दाम कमी ठेवायची, जन्मभर. त्यामुळे जो जंतू तुम्हाआम्हाला दोन दिवसांत सोडून जाईल, तो भाऊजींना सोडणार नाही. म्हणून बाहेरचं खाणं नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत, आणि पाणी उकळूनच.

"आमच्या गावचं पाणी चांगलं आहे," हे म्हणाले.

"असेल. तरी उकळूनच," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझी जाऊ कामाला लागली. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, म्हणजे सकाळची घाई ठरलेली. तरी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर मोठं पातेलं चढवायची, पाणी खळखळ उकळेपर्यंत तिथून हलायची नाही, मग फडकं बांधून निववायची आणि बाटल्या भरायची. एक बाटली भाऊजींच्या खांद्याला अडकवूनच त्यांना दुकानात पाठवायची. शाळेला निघालेल्या पोराची पाण्याची बाटली आणि नवऱ्याची बाटली दारात शेजारी शेजारी उभी असायची. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

ह्यांनाही एक विनोद सुचला होता. म्हणायचे, "अरे, ती किडनी माझ्या पाण्यावर वाढलेली. लाडाची लेक तुझ्या घरी दिलीय, तिला माहेरचं पाणी विसरायला लावू नकोस." भाऊजी हसायचे. मीसुद्धा हसले. चांगला विनोद होता. फक्त हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिले, आणि माणसानं एखादी थट्टा फार वेळा केली की ती त्याला खरी वाटायला लागते. सगळ्या नात्यागोत्यात हे सांगत फिरले, की भावाला किडनी जुळली कशी, तर एकच रक्त आणि एकच पाणी.

भाऊजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून आमच्याकडे यायचे. दोघे भाऊ मागच्या दाराच्या पायरीवर, नळापाशी बसायचे. काय बोलायचे देव जाणे, बहुतेक काहीच नाही. मी पुढच्या खोलीत मशीनवर असायचे. मशीन थांबलं की त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मला बरं वाटायचं.

मग एका मोसमात नदीच्या वरच्या अंगाला पावसानं धुमाकूळ घातला. नदीकाठच्या गुरांच्या गोठ्यांमधून पाणी वाहून आलं. केंद्रावर येणारं पाणी चिखलाच्या रंगाचं झालं. वाळूचे हौद सारखे तुंबायचे, सारखे धुवावे लागायचे. धुतल्यावर हौदाचं सुरुवातीचं पाणी काही वेळ गटारात सोडून द्यायचं असतं, वाळू नीट बसेपर्यंत तिच्यातून नको ते निसटतं म्हणून. पण गावात पाण्याची बोंब होती. साहेबांनी सांगितलं, वाया घालवू नका, सरळ सोडा, क्लोरीन वाढवा. ह्यांनीही मान डोलावली. इतक्या वर्षांचा अनुभव हेच सांगत होता, की क्लोरीन पुरेसं असलं की पाण्यात काही जिवंत राहत नाही. त्या दिवसांत नळाच्या पाण्याला नाकात जाणारा वास यायचा. हे अभिमानानं म्हणायचे, "वास येतोय ना? मग बिनधास्त प्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजींना जुलाब सुरू झाले.

आधी वाटलं खाण्यात काही आलं असेल. थांबेनात. इस्पितळात नेलं. डॉक्टरबाईंनी पलंगाशेजारी उभं राहून सगळं विचारून घेतलं. आम्ही सगळे तिथेच होतो.

"पाणी कुठलं पिता?"

"घरचं. उकळलेलं," भाऊजी म्हणाले.

"बाहेर कुठे? दुकानात? कुणाकडे गेलात तर?"

"बाटली असते ना बरोबर. थेंबसुद्धा दुसरा नाही."

जावेनं जोरात मान हलवली. ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल.

शौचाची तपासणी झाली, तीत काही सापडलं नाही. बाई म्हणाल्या, ह्या औषधांनी पोट बिघडतं काही जणांचं, ते एक बदलून बघू. बदललं. जुलाब होतेच. मग दुसरं कमी केलं. मग दुर्बीण घालून आतडं बघितलं. असे आठवडे गेले. सलाइन लावलं की चार दिवस बरे, पुन्हा तेच. किडनीवर ताण यायला लागला, रक्ताचे आकडे वर जायला लागले. मी त्यांच्या पँटी कमरेत आत घेऊन दिल्या. पुन्हा आत घेतल्या. तिसऱ्यांदा जाऊ घेऊन आली तेव्हा आत घ्यायला कापडच उरलं नव्हतं, मी नाडी ओवून दिली.

आणि त्याच सुमारास एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्याकडे येणारी कामं बघून. एरवी बायका कपडे उसवून सैल करून घ्यायला येतात, वय वाढतं तसं. त्या दिवसांत जो तो आत घ्यायला येत होता. पोरांच्या चड्ड्यांना इलॅस्टिक बदलून द्या, परकर घसरतोय, ब्लाऊज ढगळ झालाय. विचारलं की एकच उत्तर, सगळं घर जुलाबानं आजारी होतं, आता बरं आहे. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बाहेरचं अबरचबर खातात आणि खापर पाण्यावर. मी रोज पितो, मला काय झालं?"

मी पाण्याचं नावही काढलं नव्हतं.

शेवटी इतकी घरं आजारी पडली की आरोग्य खात्याची माणसं केंद्रावर आली. त्यांच्यात एक चष्मेवाली मुलगी होती. तिनं बाहेर जाणाऱ्या पाण्याला एक गाळणी लावली, ढीगभर पाणी तिच्यातून सोडलं आणि गाळणी तपासायला नेली. काही दिवसांनी परत आली ती उत्तर घेऊन. आतड्यात राहणारा एक परजीवी आहे, म्हणाली. गुरांच्या शेणातून, माणसांच्या विष्ठेतून नदीत येतो. कवचात बसून असतो. क्लोरीन त्याला लागत नाही. वाळूत अडकला तर अडकला, नाहीतर उकळल्यावरच मरतो.

ह्यांनी तिलाही तेच ऐकवलं. मी रोज पितो, मला काय झालं?

ती मुलगी भांडली नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही वर्षानुवर्षं थोडं थोडं पीत आलात. तुमच्या शरीराला त्याची ओळख झालीय. चांगल्या तब्येतीचा माणूस दोन आठवड्यांत बरा होतो. प्रश्न तुमचा नाहीच. ज्याच्या शरीराची ताकद औषधानं काढून घेतलीय, त्यानं हे पाणी प्यायलं तर काय होईल, ते सांगा."

तिला आमच्या घरचं काहीच माहीत नव्हतं. ती सगळ्यांना सांगतात तसंच सांगत होती.

हे पाळी अर्धी टाकून घरी आले. नोकरीत पहिल्यांदा. चपला न काढता माझ्या मशीनसमोर उभे राहिले आणि ती मुलगी काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. मला आधी कळेचना की मला का सांगताहेत. भाऊजी तर उकळलेलं पितात.

"इथं प्यायचा," हे म्हणाले. "पायरीवर. मी नळाचा पेला भरून द्यायचो. बाटली बाजूला ठेव म्हणायचो."

"रोज?"

"रोज एक. एकच."

"आणि इस्पितळात बाईंनी विचारलं तेव्हा?"

"तो नाही म्हणाला. मग मी कशाला मध्ये बोलायचं? पाणी खराब आहे असं मला वाटतच नव्हतं."

त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातला एकही शब्द मागे घ्यावा असं मला अजून वाटलेलं नाही. हे ऐकून घेत उभे राहिले. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "चल. बाईंना सांगायला पाहिजे."

हे तसेच केंद्राच्या कपड्यांत, आम्ही इस्पितळात गेलो; भाऊजी तेव्हा पुन्हा तिथे दाखल होते. डॉक्टरबाई पलंगाशीच होत्या. ह्यांनी सरळ सांगून टाकलं. न उकळलेलं पाणी मी पाजलंय, माझ्या हातानं, ऑपरेशन झाल्यापासून.

भाऊजी उशीवरून मान उचलून म्हणाले, "दादाचं काही ऐकू नका बाई. काळजीनं त्याचं डोकं फिरलंय. मी उकळलेलंच पितो."

अंगात उठून बसायची ताकद नव्हती, आणि भावाची अब्रू राखायला माणूस खोटं बोलत होता. बाईंनी हातातला कागद पलंगावर ठेवला.

"मी इथं कुणाची अब्रू तपासायला उभी नाही," त्या म्हणाल्या. "प्यायलात की नाही?"

भाऊजींनी मान परत उशीवर टाकली आणि भिंतीकडे वळवली.

जाऊ स्टुलावर बसली होती, ती उठली. तिच्या हातात ती बाटली होती, सकाळचीच भरलेली. "मी त्या पातेल्यापुढे उभी राहायचे," ती म्हणाली. "कामाला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, पण पाणी अर्धवट तापवून उतरवलं नाही. आणि तुम्ही दोघं तिकडे..." मग नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं असतं तर तू दादाशी भांडली असतीस," भाऊजी म्हणाले.

ते खरंच होतं. ती भांडली असती, आणि आज किडनी शाबूत असती.

साध्या तपासणीत हा जंतू दिसत नाही, त्याला वेगळा रंग देऊन बघावं लागतं आणि तसं मुद्दाम सांगावं लागतं. बाईंनी तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण पेशंट उकळलेलं पाणी पितो असं सगळ्यांनी छातीला हात लावून सांगितलं होतं. आता सांगितलं. जंतू सापडला, भरपूर सापडला. "हे आधी कळलं असतं तर," असं म्हणून बाई थांबल्या आणि औषध लिहून दिलं. औषध आहे, पण ज्या शरीरात ताकद नाही तिथे ते एकटं काय करणार? लागू पडलं नाही.

एकदा जाऊ खाली गेली असताना मी भाऊजींना विचारलं, का प्यायलात? एवढं मरमर करून ती पाणी उकळतेय हे दिसत नव्हतं का?

"दिसत होतं वहिनी," ते म्हणाले. "पण ज्यानं मला पोट चिरून दिलं, तो पाण्याचा पेला पुढे करतो. त्याला काय बाटली दाखवू? त्याला किती आनंद व्हायचा मी प्यायलो की. तुम्ही बघायला पाहिजे होतं त्याचं तोंड."

रागवायला गेले होते आणि त्यांच्या पायांवरून पांघरूण ओढून परत आले.

मग बाईंनी आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, आता एकच वाट आहे. किडनीसाठी जी औषधं चालू आहेत ती बंद करायची. मग शरीराला ताकद येईल आणि ते जंतूला हाकलून देईल. पण तीच ताकद किडनीवरही चालून जाईल. किडनी जाणार. पुन्हा मशीन. "पण माणूस राहील," त्या म्हणाल्या. "आणि वेळ फार नाही."

भाऊजींनी ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले. अगदी शांतपणे. "ती माझी थोडीच आहे? दादाची आहे. मी कोण ती घालवणारा?"

जाऊ रडली, हात जोडले, पोराची शपथ घातली. मी सांगितलं. बाईंनी दोनदा येऊन समजावलं. उपयोग शून्य. माणूस डोळ्यांसमोर विरत चालला होता. हाडं दिसायला लागली, ओठ फुटले, बोलताना मध्येच झोप लागायची. जाग आली की पुन्हा तेच, औषधाची वेळ झाली का? किडनीची एकही गोळी चुकू देत नव्हते.

हे बाईंना सांगून टाकलं त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर, भाऊजींच्या खोलीत गेलेच नव्हते. रोज यायचे आणि खाली गाड्या लावतात तिथल्या बाकावर बसायचे. गावात तेव्हा भोंगा लावून गाडी फिरत होती, पाणी उकळून प्या. ती इस्पितळाच्या फाटकावरून जायची तेव्हाही हे तिथेच बसलेले असायचे. मी खाली उतरले.

"वर चला," मी म्हटलं. "ते फक्त तुमचं ऐकतात. जन्मभर तुमचंच ऐकलं आणि त्यापायी ही वेळ आली. आता एकदा तरी ते ऐकणं त्यांच्या कामी येऊ दे."

हे उठले. जिना चढताना कठड्याला धरून चढले. खोलीत गेले, स्टूल ओढलं आणि भाऊजींच्या अगदी जवळ बसले. तब्येत विचारली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. म्हणाले, "माझी किडनी मला परत दे."

भाऊजींनी डोळे उघडले.

"दिली तेव्हा वाटलं होतं, तू सांभाळशील," हे म्हणाले. "तुझ्याच्यानं झालं नाही. आता ती तुझ्याकडे ठेवायची नाहीये मला. माझी वस्तू आहे. मी सांगतोय, सोड."

जाऊ भिंतीला टेकली. मला वाटलं, पुढे होऊन ह्यांचं तोंड दाबावं. इतकं वाईट बोलणं मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं चांगलंही.

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. "दादा, तुला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. मग मान वळवून जावेला म्हणाले, "बाईंना विचार, गोळ्या कधीपासून बंद करायच्या."

मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

बाई म्हणाल्या तसंच झालं. जुलाब हळूहळू थांबले. तोंडाला चव आली, गालावर थोडं मांस आलं. आणि दुसरीकडे ती किडनी सुजली, ताप आला, काही दिवस फार दुखली, मग दुखायचीही थांबली. भाऊजी पुन्हा मशीनवर गेले. दुकान बंदच आहे. सुया टोचलेल्या हातानं बारीक तार धरता येत नाही, बोटं थरथरतात. जाऊ आमच्या घरी येत नाही. माझ्याशी बोलते, कामापुरतं. ह्यांच्याशी नाही. मी तिला दोष देत नाही.

परवा सकाळी हे इस्त्रीचा सदरा घालून काही न खाताच बाहेर पडले. मला वाटलं, लवकरची पाळी असेल. थोड्या वेळानं जावेचा फोन आला. कितीतरी दिवसांनी तिचा फोन. "ताई, दादा इथं इस्पितळात खाली रांगेत बसलेत," ती म्हणाली. "तुम्ही या."

इस्पितळाच्या तळमजल्यावर अवयव देणाऱ्यांची तपासणी होते. तिथे बाकांवर लोक उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेले असतात, कुणाची आई, कुणाचा नवरा. त्यांच्यात हे बसले होते, एक बाही कोपराच्या वर दुमडून, हातात नंबराचा कागद. खिडकीतल्या माणसानं नातं विचारलं, तर म्हणाले, भाऊ. आधी एक दिलीय, अजून एक शिल्लक आहे. त्या माणसाला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नाही हे कळल्यावर त्यानं डॉक्टरबाईंना निरोप पाठवला.

मी पोचले तेव्हा बाई ह्यांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या.

"काका, दुसरीही काढली तर तुम्ही जगणार कशावर?"

"मशीनवर," हे म्हणाले. "तो जगतोय तसा. त्याचं पोर लहान आहे. माझी नोकरी संपतच आलीय, मला वेळ आहे."

"असं करता येत नाही."

"का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांना काहीतरी खायला घाला," असं म्हणून त्या उठून जिन्याकडे गेल्या.

मी त्यांच्या जागेवर बसले. ह्यांची बाही सोडवून खाली केली, मनगटावरचं बटण लावलं. हे लावू देत होते. "उठा," मी म्हटलं, "वर भाऊजींचं मशीन सुटायची वेळ झालीय. त्यांना जिना उतरायला धरायला लागतं."

हे हलले नाहीत. खिडकीतून पुढच्या नंबराची हाक आली. हे घाईनं अर्धवट उठले, हातातला कागद बघितला, आणि परत खाली बसले.